ऐंशी मीटरवरचा डूख

आमची पोस्टिंग उत्तरेतल्या एका बर्फाळ चौकीवर होती. व्यंकट आणि मी, दोघंही सिग्नलचे नाईक. तो रेणापूरचा, मी चाकूरचा. दिवसभर भांडायचो आणि एकाच ताटात जेवायचो.

काम रोजचंच. बॅटरी तपासायची, अँटेनावरचा बर्फ झटकायचा, बेसला रिपोर्ट द्यायचा. मध्ये डोंगर होता, त्यामुळे छोटे सेट बेसपर्यंत पोहोचत नसत. लो बँडची लांब वायर कमी उंचीवर ताणली, की सिग्नल वर जाऊन डोंगरापलीकडे उतरतो. वायरची लांबी मात्र ठरलेली असते; ती कमी पडली, की सेट लोड घेत नाही आणि मेसेज जात नाही. स्टोअरवाल्याला ती नुसती वायर दिसते. आमचा स्टोअरवाला होता नांदेडचा हवालदार मस्के.

वादळाच्या दुपारी एका जवानाच्या फुप्फुसात पाणी भरलं. हेलिकॉप्टर मागवायचं होतं आणि सेट लोड घेईना. व्यंकट वॉकी-टॉकी घेऊन बाहेर गेला. थोड्या वेळानं बोलला.

"वायर तुटली न्हाई. कापलीय. पक्कडीनं. ओव्हर."

"जोडता येईल का? ओव्हर."

"टेलिफोनची केबल जोडून राहिलो. थांब. ओव्हर."

सेटनं लोड घेतला. मेसेज गेला. बेसचं 'रॉजर' आलं आणि बाहेर व्यंकटवर वरचा बर्फ कोसळला. वादळ ओसरल्यावर हेलिकॉप्टर आलं, जवान वाचला. त्याच हेलिकॉप्टरमधून व्यंकटचा देह खाली नेला.

वादळानंतर मस्केच्या स्टोअरची ताडपत्री आमच्याच तांब्याच्या वायरनं बांधलेली मी पाहिली होती. चौकशीच्या दिवशी तिथे दोरी होती. मस्केनं जबानी दिली, ऑपरेटरनं देखभाल केली नाही, हुकूम नसताना बाहेर गेला. व्यंकटचं शेवटचं बोलणं मी एकट्यानंच ऐकलेलं. मी घसा फोडून सांगितलं, पण हवालदारापुढे नाईकाचं कोण ऐकतो? व्यंकटचे वडील नामदेवबापू यांना एवढंच कळलं, की पोरगा स्वतःच्या हलगर्जीनं गेला.

रिटायर झाल्यावर मी हॅम रेडिओचं लायसन काढलं. शेतात बोअरच्या जुन्या पाइपांचा खांब उभा करून ऐंशी मीटर या लो बँडची वायर दोन्ही बाजूंना उतरवली. लातूर-नांदेडकडचे आम्ही काही हौशी संध्याकाळी त्या बँडवर जमतो, त्याला नेट म्हणतात. कोणी कधी बोलायचं ते सांगणारा नेट कंट्रोल मी. आमच्यात रीत अशी, की नेट कंट्रोलनं हाक ऐकून आवाज कसा येतो त्याचा रिपोर्ट दिला तरच तो माणूस नेटवर आला.

एका संध्याकाळी मस्केचा आवाज आला. सुभेदार होऊन रिटायर झालेला, नांदेडात गच्चीवर नवा अँटेना लावलेला. ओळख देताना चौकीवरच्या शौर्याच्या गोष्टीही ऐकवल्या.

"काही ऐकू येत नाही," मी म्हणालो. "पुढचं स्टेशन."

मुखेडचा मास्तर मध्ये पडला. "सर, ते तर लई जोरात येऊन राहिलेत."

"मला न्हाई."

पावसाळा गेला, हिवाळा गेला. मस्केनं वायर बदलली, खांब वाढवला. माझं उत्तर तेच. मजा येत होती, खोटं कशाला बोलू?

शेवटी तो शेतावर आला.

"माधव, कशाचा डूख धरून राहिलास?"

"वायरीचा."

त्यानं मान खाली घातली. "म्हातारपणी इज्जत घालवतोस का माझी?"

"व्यंकटची घालवलीस तवा? उद्या नेटवर सगळं सांग, तरच तुझा आवाज मला ऐकू येईल. बापू इथं बसलेले असतील."

दुसऱ्या दिवशी मी बापूंना रेणापुराहून आणलं आणि सेटपुढच्या खुर्चीत बसवलं. सगळी स्टेशनं ऐकत होती. मस्के बोलला.

"वायर मी कापली होती. ताडपत्री बांधायला. व्यंकटची काही चूक नव्हती. ओव्हर."

बापू माझ्याकडे वळले. "आजून एकदा म्हणाय लाव."

मी बटण दाबलं. "पुन्हा सांगा. ओव्हर."

तो पुन्हा बोलला.

"आजून एकदा," बापू म्हणाले.

तिसऱ्यांदा मस्केचा आवाज फाटला. मला फार बरं वाटलं. माफी मी दिलेली नाही, देणारही नाही.

बापूंना सोडायला गेलो. रेणापूर स्टँडवर उतरून ते घराकडे वळले नाहीत. आधी पानटपरीवाल्यापाशी थांबले. मग न्हाव्याच्या दुकानात डोकावले. मग तिथे उभ्या एसटीच्या कंडक्टरला अडवलं. प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवत होते.

"आमच्या व्यंकटनं वायर जोडली होती, म्हणून त्यो पोरगा वाचला."