वातींच्या बैठकीतले अध्यक्ष

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. चार बायका कापूस घेऊन बसल्या की ते आपोआप साचतात, आणि वातींपेक्षा लवकर साचतात. मी लाख वातींचा नेम धरला तेव्हा वाटलं होतं, पुढच्या चातुर्मासापर्यंत देवापुढे वाती होतील. वाती अजून व्हायच्यात. किस्से मात्र डबे भरून झालेत.

आमची बैठक दर गुरुवारी, शाळा सुटायच्या वेळेला, इथे परदेशात, लोअर हट गावातल्या माझ्या घरी. सुषमा इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. केतकी फार्मसिस्ट. तिची इरा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. आणि केतकीचे सासरे, नाना. सांगलीला शाळेत इतिहास शिकवायचे, आता सुनेकडे राहायला आलेत. नानांना वाती वळता येईनात. "मग तुम्ही काहीतरी वाचून दाखवा," सुषमा म्हणाली, तर ते लायब्ररीतून एक जाडजूड चरित्र घेऊन आले. एका अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचं, फार जुन्या काळचं. लाकडी खोपटात जन्म, घरात पुस्तकं नाहीत, लांब लांब चालत जाऊन लोकांकडून मागून आणायची. नाना इंग्रजी पान बघत आणि मराठीत सांगत. नाव काही आमच्या जिभेवर बसेना, म्हणून आमच्यात ते नुसते 'अध्यक्ष' झाले.

*

पुस्तक वाचायचं म्हणजे ते चौरंगावर ठेवायचं, ही माझी सवय. त्याला हळदकुंकू वाहायचं, हीसुद्धा सवयच. पहिल्या गुरुवारी मी वाहून मोकळी झाले, आणि मग केतकी म्हणाली, "काकू, ते लायब्ररीचं आहे."

पुसलं तेवढं पुसलं. पण मुखपृष्ठावरच्या अध्यक्षांच्या कपाळावर पिवळा डाग राहिला तो राहिलाच. मुदत वाढवायला नाना गेले तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं, वास घेतला आणि हसून म्हणाल्या, "हे घेऊन कोणीतरी स्वयंपाक करत होतं वाटतं."

नाना सांगलीच्या इंग्रजीत म्हणाले, "हो. शिजतंय अजून."

*

अध्यक्ष तरुणपणी पहिल्यांदा निवडणुकीला उभे राहिले ते गावच्या नदीसाठी. नदी नीट केली तर होड्या येतील, माल येईल, गावाचं भलं होईल, एवढंच मागणं.

सुषमा वात वळता वळता थांबली. तिच्या हॉस्पिटलासमोरच्या बसस्टॉपला छप्पर नाही. दक्षिणेचा वारा सुटला की इथे पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. ड्युटी संपलेल्या नर्सेस तिथे भिजत उभ्या असतात, भेटायला आलेली म्हातारी माणसंसुद्धा. सुषमा म्हणाली, "त्यांना नदी होती, तसं आपल्याला ते छप्पर आहे. पण उभं कोण राहणार?"

कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, निवडणूक तोंडावर आली होती. आम्ही सगळ्यांनी केतकीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय? मी वाती वळतेय," केतकी म्हणाली.

"ते पण दुकानच चालवत होते," नाना पान उलटत म्हणाले.

पुढच्या गुरुवारपर्यंत केतकीने अर्ज भरला होता.

*

आता अध्यक्ष त्या पहिल्या निवडणुकीत पडले. दुकान बुडालं. मग निवडून आले, मग परत पडले, मोठ्या जागेसाठी उभे राहिले, तिथेही पडले. प्रत्येक वेळी केतकीचा चेहरा उतरायचा. मला ते बघवेना. मी मनाशी ठरवलं, हे गृहस्थ अध्यक्ष म्हणून निवडून येईपर्यंत गुरुवारी एकभुक्त राहायचं. त्यांचं भलं झालं तर हिचंही होईल.

आमच्या ह्यांनी दोन आठवडे काही विचारलं नाही. तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी मी जेवायला बसले नाही, तेव्हा म्हणाले, "आज कसला उपास?"

मी सांगितलं.

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अगं, त्या निवडणुकीचा निकाल लागलाय."

तरी मी उपास सोडला नाही. नानांनी अजून वाचलं नव्हतं ना.

*

केतकीचा फोटो असलेला मोठा बोर्ड तिच्या घरापुढे लागला. छान हसरा फोटो. समोर राहणाऱ्या मेले नावाच्या सामोआ बेटांवरच्या बाई, फार प्रेमळ, चर्चमध्ये गाणाऱ्या. त्यांच्यात कोणाचा मान करायचा तर गळ्यात हार घालतात. त्यांनी स्वतः ओवलेला ताज्या फुलांचा टपोरा हार आणला आणि मोठ्या कौतुकाने त्या फोटोला घातला.

रविवार सकाळची गोष्ट. शेजारच्या पोरिरुआहून येणारं एक मराठी जोडपं तिथून गाडीने गेलं. मग त्यांनी कोणाला फोन केला, त्या कोणी अजून कोणाला. दुपारपर्यंत केतकीच्या नवऱ्याला अकरा-बारा जणांनी फोन करून विचारलं, "अरे, कसं झालं? आजारी होती का?"

एक बाई तर पिठलंभाताचा डबा घेऊन थेट दारात आल्या. दार केतकीनेच उघडलं.

बाई डबा हातात धरून तिच्याकडे बघतच राहिल्या. केतकी म्हणाली, "या ना आत. मत पोस्टाने टाकायचंय, विसरू नका."

हार काढावा असं मी सुचवलं. केतकी म्हणाली, "काकू, त्यांनी पहाटे उठून ओवलाय. सुकेपर्यंत राहू दे." राहिला. नाना म्हणाले, एवढा प्रचार तर अध्यक्षांनासुद्धा जमला नव्हता.

*

कम्युनिटी हॉलमध्ये सगळ्या उमेदवारांची भाषणं होती. केतकीला औषधाच्या बाटलीवर सूचना लिहायची सवय, भाषणाची नाही. नानांनी तिला सांगितलं, "अध्यक्षांचं सगळ्यात गाजलेलं भाषण चहा गार व्हायच्या आत संपलं होतं. त्यांच्याआधी एक विद्वान दोन तास बोलले. ते काय बोलले, कोणाला विचार."

केतकीच्या आधी ग्रॅहॅम बोलले. ते बरीच वर्षं कौन्सिलर आहेत, माणूस सज्जन. त्यांनी आकडे दाखवले, नकाशे दाखवले. मग केतकी उठली. कागद तिने खाली ठेवला. इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या रीतीने नमस्कार केला, "किया ओरा. येत्या गुरुवारी पाऊस आहे. ड्युटी सुटायच्या वेळी मी हॉस्पिटलच्या स्टॉपवर उभी राहणार आहे. माझ्याशी बोलायचं असेल तर तिथे या." आणि बसली.

मागच्या रांगेतून इरा म्हणाली, "मम, दॅट वॉज लाइक, टेन सेकंड्स."

गुरुवारी आमची बैठक त्या स्टॉपवर झाली. कापूस भिजेल म्हणून पिशवी घरी ठेवली. येऊन येऊन कोण येणार, असं मला वाटत होतं, तर समोरून छत्री उलटी झालेले ग्रॅहॅम येताना दिसले. आमच्यात येऊन उभे राहिले. सुषमाने त्यांना थर्मासमधला आल्याचा चहा दिला. पाऊस कोटाच्या कॉलरीतून आत जात होता. बसचा पत्ता नव्हता. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "बस रोज इतकी उशिरा येते का?"

"नाही," सुषमा म्हणाली. "रोज याहून उशिरा येते."

*

अध्यक्ष अखेर अध्यक्ष झाले. मी त्या दिवशी शिरा केला, उपास सोडला. त्यांनी आपल्याशी भांडलेल्या लोकांनाच कारभारात बरोबर घेतलं, हे ऐकून केतकी म्हणाली, "बघा, ग्रॅहॅमना चहा दिला ते चुकलं नाही." मग युद्ध आलं, गुलामांची सुटका आली. नानांचा आवाज बारीक होत गेला. शेवटचं प्रकरण आलं तशी मी म्हटलं, "नाना, पोथीचा शेवट गोड असतो. हे राहू दे. निकाल आठवड्यावर आलाय."

नानांनी पुस्तक मिटलं.

"बट ही गेट्स शॉट," इरा वातींशी खेळत म्हणाली. "अॅट द थिएटर. एव्हरीबडी नोज दॅट, नाना."

केतकीने हातातली वात ताटात ठेवली.

"नाना, काम झालं होतं का त्यांचं? तोपर्यंत?"

"सगळं नाही. पण मोठं झालं होतं."

"मग वाचा."

नानांनी वाचलं. मी त्या दिवशीच्या वातींतली एक तुपात भिजवून देवापुढे लावली. परका माणूस, परका देश, परका देव. पण ती ज्योत काही वेगळी जळली नाही.

*

निकाल शनिवारी दुपारी आला. केतकी थोडक्यात पडली. ग्रॅहॅम परत निवडून आले. त्यांचा फोन आला. छपराचा विषय पहिल्याच मीटिंगला मांडतो म्हणाले, तू पण येऊन बोल म्हणाले. केतकी त्यांना थँक्यू म्हणाली, फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. बाहेर आली तेव्हा सगळ्यांसाठी तिनेच चहा टाकला.

निवडणूक झाली की बोर्ड काढावे लागतात. रविवारी मी तिच्याबरोबर गेले, म्हटलं एकटीने नको हे काम. नानाही आले. एकेका घरी थांबायचं, थँक्यू म्हणायचं, बोर्ड ट्रेलरमध्ये टाकायचा. लोक चांगलं बोलत होते, पण तिला कोणाच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. गाडीत ती एकदाच बोलली. "काकू, परत कोण उभं राहणार आहे? झालं एवढं बास झालं."

मी तिचा हात धरला.

शेवटचा बोर्ड कोपऱ्यावरच्या विरेमू आजोबांकडे होता. एकटे राहतात, माओरी, गुडघे दुखतात, केतकीकडून औषध नेतात. इथली जमीन म्हणजे जुनं नदीचं पात्र; कुदळ मारली की दगड, आणि दगडाखाली दगड. बोर्डाचे खांब त्यांनी स्वतः पुरले होते, कोणाला हात लावू दिला नव्हता.

केतकी गेटातून आत गेली. आजोबा जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून व्हरांड्यात बसले होते. ती म्हणाली, सॉरी, आणि थँक्यू, आणि पुन्हा सॉरी. स्क्रू काढून बोर्ड उतरवला. मग दोन्ही हातांनी खांब धरून हलवायला लागली. नाना मदतीला पुढे झाले.

विरेमू आजोबा काठी टेकत पायऱ्या उतरून आले आणि केतकीचे हात खांबावरून बाजूला केले.

"बोर्ड ने," ते म्हणाले. "खांब राहू देत. मी काही ते खड्डे पुन्हा खणणार नाही."