मागच्या सीटवरचे काका

मुंबईत माझी नोकरी टिकली ती माझ्या मावशीच्या धाकट्या दिरांमुळे, म्हणजे आमच्या काकांमुळे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी त्यांच्याविषयी जे जळून जळून लिहिणार आहे, त्याने तुमचा गैरसमज व्हायचा. मोटरसायकलीतलं त्यांना कळत नाही असं अख्ख्या लालबाग-परळात काही नव्हतं, आणि त्यांना मोटरसायकल चालवता येत नव्हती. साधी सायकलसुद्धा येत नव्हती. गिरणीत फिटर होते. चालत जायचे, चालत यायचे. पण जाणारी फटफटी नुसती ऐकून "डाव्या बाजूचा शॉकअप मेलाय" असं सांगायचे, आणि गाडीवाला उतरून बघतो तर खरंच डावीकडून तेल गळत असायचं. एकदा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात सगळे गळा फोडून घोषणा देत होते. काकाही देत होते. मध्येच थांबले, कान टवकारले, आणि कडेने मोटरसायकलवरून चाललेल्या सार्जंटला म्हणाले, "साहेब, मागचं बघून घ्या हां, कंबर जाईल तुमची." आमच्यावर डोळे वटारायला आलेला तो माणूस गाडी लावून मागच्या चाकाशी उकिडवा बसला. मोर्चा पुढे निघून गेला तरी काका त्याला समजावत होते, "एकच बदलू नका. मुंबई वगळून महाराष्ट्र आणि एका बाजूचा शॉकअप, दोन्ही चालायचे नाहीत."

त्यांचं सगळं शास्त्र मागच्या सीटवरचं. "पुढचो रस्तो बघता, मागचो रस्तो भोगता," असं म्हणायचे. शॉकअप धक्के कसे झेलतात ते पारखायचं झालं की मावशीकडून काठोकाठ भरलेला चहाचा कप घेऊन मागे बसत, डोळे मिटत, आणि मला सांगत, "चल झिला, सरळ चालव, अक्कल लावू नको." लालबागहून ट्रामच्या रुळांवरून भायखळ्यापर्यंत, तिथून वळून रे रोडच्या दगडी रस्त्याने कॉटन ग्रीन. डोळे मिटूनच कुठे आलो ते बोलत जायचे. परत आल्यावर बशीत किती सांडलाय ते बघायचे आणि उरलेला थंडगार चहा पिऊन निकाल द्यायचे. आमची सगळी चाळ गॅलरीत उभी राहून तो निकाल ऐकायची. गाडी चालवलेली असायची मी. पण माझ्याकडे कोण बघतंय? मावशी तर वर म्हणायची, "शीक रे काहीतरी त्यांच्याकडून."

मी सहावीतून शाळा सोडून कणकवलीच्याही पलीकडून आलेला. दवाखान्यांना लागणाऱ्या काचेच्या नळ्या कॉटन ग्रीनच्या गोदामातून गिरगाव-दादरला पोचवणं हे माझं काम. गाडी मालकांची, पेटी मालकांची, माझी फक्त भीती. मागचे शॉकअप बसले होते, आणि तीनदा नळ्या फुटल्यावर मॅनेजरनी सांगितलं होतं, "आता फुटल्या तर किल्ली टेबलावर ठेव आणि गावाला जा." गावाला कुठल्या तोंडाने जाणार? आईला तर मी पत्रात लिहिलं होतं की साहेब माझ्यावर खूश आहेत.

काका मला रे रोडजवळ जुने पार्ट विकणाऱ्याकडे घेऊन गेले. दोन वर्षं मी त्या दुकानात जात होतो, दुकानदाराला माझं नाव ठाऊक नव्हतं. काकांसाठी मात्र गल्ल्यामागची खुर्ची बाहेर आली. त्याने दोन जोड्या पुढे ठेवल्या: एक चकचकीत, क्रोमची, दुसरी काळी, पोचे पडलेली. "दोनों ले जाव काका. जो पसंत नाही, वापस." काकांनी दोन्ही जोड्या बसवून फेऱ्या मारल्या, दोनदा चहा सांडून बघितला, आणि सगळ्या चाळीसमोर सांगितलं, "काळे ठेव. ते चकचकीत साइडकारच्या जड गाडीचे. तुझ्या पेटीच्या वजनाक हलूचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी काका गिरणीत पाळीवर असताना मी चकचकीत जोडी बसवली आणि काळी परत केली. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. एकदा तरी माझी निवड बरोबर ठरावी, एवढंच होतं. दुकानदाराने भुवया उंचावल्या. "काकांनी चकचकीत घेतले?" मी म्हटलं, "हो."

चौथ्या दिवशी भायखळ्याच्या रुळांवर गाडी दगडासारखी आपटली आणि पेटीतून खळ्ळकन आवाज आला. मॅनेजर मला हाताला धरूनच त्या दुकानात घेऊन गेले. "कुणी निवडले हे?" दुकानदार म्हणाला, "काकांचा माल आहे साहेब, काका बोलले म्हणजे खतम." आणि काका तिथेच बसले होते, पाळी संपवून आलेले. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. ते उठले, माझ्या गाडीच्या सीटवर तळहात दाबला, मग माझ्याकडे बघितलं. मी खिशातली किल्ली काढून मुठीत धरली.

"होय, मीच निवडले," काका म्हणाले. "पोरगा काळे मागत होता, मी ऐकलं नाही. हात म्हातारा झाला साहेब. पोराला कामावरून कशाला काढता?"

नोकरी राहिली. बाहेर आल्यावर काका एवढंच बोलले, "काळे आजच बसव." ते बसवले, आणि पुन्हा एकही नळी फुटली नाही. पुढच्या आठवड्यात दुकानात कुणी गिऱ्हाईक आलं, तेव्हा काकांनी सवयीने शॉकअपकडे हात पुढे केला. दुकानदार म्हणाला, "रहने दो काका, मैं देखता हूं." काकांनी हात मागे घेतला, धोतराला पुसला, आणि "बरोबर, बरोबर" म्हणत राहिले. मी शेजारी उभा होतो, आणि तेव्हाही गप्प राहिलो.

त्यांच्या कानाचा, हाताचा हेवा मी केलाच. पण आयुष्यभर जमवलेलं नाव एका वाक्यात माझ्यासाठी सोडून देता आलं त्यांना, याचा हेवा अजून जात नाही. काका आता गावी असतात. एक दिवस त्यांना मुंबईला आणणार आहे, त्या दुकानात नेणार आहे आणि भर दुकानात सगळ्यांना सांगणार आहे की ते चकचकीत शॉकअप कुणी निवडले होते. काका "गप रे झिला" म्हणतील. तरी सांगणार.