ताईंचं ऑस्लो

खुर्ची दिसली की ताई आधी बुटांच्या नाड्या सैल करायच्या आणि म्हणायच्या, "दोन मिनिटं, बाई." ती दोन मिनिटं त्यांना क्वचितच मिळत. आम्ही दोघी इंग्लंडात, लीड्सच्या एका हॉस्पिटलात नर्स; वॉर्डात कुणी ना कुणी हाक मारायचंच. असं थकलेलं माणूस तुमच्याही कामावर असेल. ते कायम असतंच, म्हणून त्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही.

ताई नागपूरच्या, एकट्या. गावाकडे भाचीचं शिक्षण त्यांच्याच पगारावर चाललेलं. मार्चमध्ये मॅनेजरने उरलेली रजा संपवायलाच लावली, तेव्हा मला म्हणाल्या, "ऑस्लोचं तिकीट स्वस्त दिसतंय. येतेस?"

"ताई, नॉर्वेत पाणीसुद्धा महाग म्हणतात."

"नळाला येतं की. आणि बघायला पैसे पडत नाहीत."

हॉस्टेलच्या बंक बेडवर झोपलो. ताईंनी पोळ्या आणि जवसाची चटणी आणली होती. एका कॅफेच्या दारातली दरांची पाटी वाचून आम्ही मागे फिरलो आणि बाकावर बसून थर्मासमधला चहा प्यायलो. ऑपेरा हाऊसचं पांढरं छप्पर उतरत थेट पाण्यापर्यंत येतं, त्यावर कुणीही चालावं. ताई निम्म्यातच बसल्या. "वरून काय दिसतं ते तू येऊन सांग."

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बेटांकडे जाणारी बोट सापडली. बसचाच पास तिथे चालायचा. बोट एकेका बेटाला लागे, लोक उतरत. ताई खिडकीशी बसूनच.

"उतरायचं ना, ताई?"

"उतरून काय करू? इथे मला कुणी हाक मारत नाही. बसू दे."

बोट धक्क्याला परतली. आम्ही उतरलो नाही. पुन्हा तीच बेटं, तेच राखाडी पाणी. तिसऱ्या फेरीला बाहेर बघतच त्या म्हणाल्या, "भाची लागली कामाला. मी आता नोकरी सोडते."

"मग काय कराल?"

"ठरवलं नाही."

आवाज शिफ्ट संपल्यावर असायचा तसाच होता. सुटल्याचा आनंद मी त्यात शोधला, सापडला नाही.

उन्हाळ्यात त्या नागपूरला परत निघाल्या. विमानतळाच्या बसपर्यंत सोडायला मी ड्यूटीवरून थेट गेले. सामान ठेवून त्या आत बसल्या. मी खाली उभी राहिले, निघताना काहीतरी बोलतील म्हणून. बस सुटायच्या आधीच त्यांचा डोळा लागला. मान काचेला टेकलेली, तोंड किंचित उघडं. टकटक करायला मी हात उचलला आणि तसाच खाली घेतला.