बंद गाडीतलं तेल

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. सगळे म्हणजे बाबा आणि मी. आई गेल्यापासून वर्तकनगरच्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहतो, त्यामुळे माझा राग पूर्ण बाबांच्याच वाट्याला येतो.

बाबांनी उभं आयुष्य टेम्पो चालवला. मग डावा गुडघा आखडला आणि क्लच दाबणं संपलं. त्याच सुमारास मी घोडबंदर रोडला झाडांची छोटी नर्सरी सुरू केली होती आणि सोसायट्यांमध्ये कुंड्या पोचवायला गाडी हवीच होती. शोधशोध करून आम्ही एक जुना पिकअप घेतला, ऑटोमॅटिक गिअरचा. क्लचच नसल्यामुळे डाव्या पायाला कामच नाही. एका उजव्या पायाच्या जोरावर बाबा पुन्हा ड्रायव्हर झाले. पहिल्या दिवशी गाडी वळवून आणली तेव्हा शेजारच्या काकूंना खिडकीतून बोलावून दाखवली होती त्यांनी.

गाडीची देखभाल मात्र माझ्याकडे. बाबांना वाकवत नाही. दर शनिवारी सकाळी मी बॉनेट उघडायची आणि बाबांनी शिकवलं तसंच सगळं करायची. त्यांचा एक कडक नियम होता: तेल मोजायचं ते इंजिन बंद असताना, गाडी थंड असताना. चालू इंजिनात पट्टी घालणाऱ्याला ते ड्रायव्हर म्हणायलाच तयार नसत. मी इंजिनची पट्टी काढून पुसायची, परत घालून बघायची, आणि मग गिअरबॉक्सची पट्टी तशीच. दोन्हीकडे तेल वरच्या खुणेला. मी खालूनच हाक मारायची, 'फुल्ल आहे.' ते गॅलरीतून मान हलवायचे.

दिवाळीनंतर गाडी बिघडायला लागली. गिअर टाकला की ती नुसती उभी राहायची, मग एकदम हिसका देऊन सुटायची. वळणावर इंजिन ओरडायचं आणि वेग मात्र वाढायचा नाही. मागे कुंड्या एकमेकींवर आदळायच्या. बाबा म्हणाले, गिअरबॉक्सचं काहीतरी आहे. मी म्हटलं, तेल मी स्वतः बघितलंय, फुल्ल आहे. त्यावर त्यांनी ते मानलं. शेवटी ती त्यांचीच शिकवण होती.

मग मी गाडीकडे बघायचं सोडून त्यांच्या पायाकडे बघायला लागले. सत्तरी उलटलेला माणूस, चप्पल सैल, मोजेही घालत नाहीत. हिसका बसला की मी म्हणायची, 'बाबा, हळू दाबा ना.' दिवसातून दहादा म्हणायची. ते म्हणायचे, हळूच दाबतोय. मला ते खोटं वाटायचं.

डिसेंबरात एका मोठ्या सोसायटीत अरेका पामच्या वीस कुंड्या द्यायच्या होत्या. तळघरातल्या पार्किंगमधून वर येताना चढावर गाडी अडली. इंजिन गुरगुरलं आणि पिकअप मागे यायला लागला. बाबांनी ब्रेक मारेपर्यंत मागचा बंपर भिंतीला लागला होता. मागे उभा असलेला वॉचमन कसाबसा बाजूला झाला म्हणून वाचला. मी खाली उतरले आणि तोंड सोडलं. त्या वॉचमनसमोर, लिफ्टची वाट बघणाऱ्या दोन बायकांसमोर मी माझ्या बापाला म्हटलं की तुम्हाला ब्रेक कुठला आणि अॅक्सिलरेटर कुठला ते कळेनासं झालंय, आता कोणाचा तरी जीव घ्याल. बाबांनी किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. परतीला शेजारच्या सीटवर ते पहिल्यांदाच बसले. तळघराच्या मागच्या, सपाट फाटकाने बाहेर पडून, पुढेही चढ सोडून सपाट रस्त्याने मी गाडी रमतगमत आणली, त्यामुळे मला काही जाणवलंच नाही.

घरी आल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"तेल तू बघितलं होतंस ना गं, बाय?"

"परवाच बघितलंय, बाबा. फुल्ल होतं."

"मग पायच असेल," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

त्यानंतरचे आठ दिवस मी जवळजवळची कामंच घेतली. एका दुपारी मी अचानक घरी आले तर बाबा खुर्चीवर बसले होते. समोर फरशीवर त्यांनी दोन पाट ठेवले होते, एक थोडा डावीकडे, एक उजवीकडे. डोळे मिटून ते उजवा पाय एकावरून दुसऱ्यावर नेत होते आणि दर वेळी डोळे उघडून पाय बरोबर पडला का ते बघत होते. पाय बरोबरच पडत होता. मी चप्पल न काढता तशीच मागे फिरले आणि जिन्यात बसून राहिले. मला रडू आलं, पण तेव्हाही मला वाटत होतं की मी केलं ते त्यांच्या भल्यासाठीच केलं.

दुसऱ्या दिवशी माजिवड्याच्या पुलावर चढताना माझ्या पायाखाली तेच झालं. मी हळूच दाबत होते. अगदी हळू. इंजिन ओरडलं, गाडी पुढे जाईना, मागून हॉर्न सुरू झाले. मला फरशीवरचे ते दोन पाट आठवले.

कल्याणला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम करणारा एक मेकॅनिक होता. त्याला फोन केला. गाडी तापू देऊ नका, थांबत थांबत या, असं तो म्हणाला. पोचले तेव्हा दुपार झाली होती. मी त्याला छातीठोकपणे सांगितलं की तेलाचं काही नाही, ते मी दर आठवड्याला बघते. त्याने मलाच बघायला सांगितलं. इंजिन निवल्यावर मी गिअरबॉक्सची पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. तेल खुणेला बरोबर टेकलेलं.

त्याने इंजिन चालू करायला लावलं. गाडी तापवली, ब्रेक दाबून गिअरची दांडी प्रत्येक खुणेवरून एकदा फिरवली, परत पार्किंगवर आणली. आणि इंजिन चालू असतानाच पट्टी ओढून काढली. टोकाला जेमतेम एक थेंब होता. त्याने तो पांढऱ्या फडक्यावर टिपला. कोकमाच्या आगळासारखा लाल असायला हवा होता, तो काळपट तपकिरी होता आणि त्याला करपल्याचा वास येत होता.

"ताई, गाडी बंद केली की गिअरबॉक्सचं तेल खाली उतरून साचतं, पट्टी भरलेली दिसते. चालू केली की पंप ते वर खेचतो. हिचं तेल कधीचंच कमी झालंय."

तेल थंड करायला जाणारी एक नळी सांध्यावर पाझरत होती. तिथे धूळ चिकटून थर झाला होता. मी दर शनिवारी त्याच्या वीतभर अंतरावर हात घालत होते. त्याने तळाचं भांडं उघडलं, आतल्या चुंबकावर बोट फिरवलं आणि म्हणाला, नुसती काळी पूड आहे, लोखंडाचे तुकडे नाहीत, गिअरबॉक्स वाचला. नळी, फिल्टर आणि नवं लाल तेल घालून गाडी दोन दिवसांनी मिळाली. पुलावर ती लोण्यासारखी चढली. मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

बाबांना मी सगळं सांगितलं. पट्टी, पंप, नळी, काहीही न गाळता. चूक माझी होती, तुमच्या पायाची नव्हती, हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे शिकवलं मीच चुकीचं," ते म्हणाले. त्यांनी तेवढंच उचललं.

किल्ली त्यांनी घेतली, पण चार दिवसांनी, मी तिसऱ्यांदा पुढे केली तेव्हा. आता तेच गाडी चालवतात. गिअरबॉक्सचं तेल मी इंजिन चालू ठेवून बघते आणि ते गॅलरीतून लक्षपूर्वक बघतात. गाडीत काही दोष उरलेला नाही. पण निघण्याआधी बाबा मान खाली घालून आपला उजवा पाय कुठे आहे ते डोळ्यांनी बघतात, आणि प्रत्येक चढ संपला की समोरची नजर न हलवता मला विचारतात, "बरोबर दाबला ना गं?"