एका हाताचा चाकू

दुकानदाराने बटण दाबले आणि पाते खट्कन बाहेर आले. "कमांडो वापरतात, काका," तो म्हणाला. अर्धांगवायूने दादाचा डावा हात लुळा पडल्यापासून खिशात ठेवायच्या चाकूसाठी आम्ही हे तिसरे दुकान पाहत होतो. कुठे काळे पाते, कुठे मुठीवर गरुड. माणूस आपली अडचण घेऊन जातो आणि बाजार त्याला पराक्रम विकतो. ऐकूनच थकायला होते.

"पेरू कापेल का?" दादाने विचारले. एका फोडीसाठी रोज वहिनीला हाक मारायचा त्याला कंटाळा आला होता.

दुकानदार जरा हिरमुसला. "कापेल की."

दादाने त्यातल्या त्यात साधा चाकू निवडला. घरी येऊन अंगठ्याने बटण दाबले. चाकू उघडला एका हाताने, अगदी ऐटीत. पाते टेकताच पेरू मात्र ताटलीतून निसटून टेबलाच्या कडेला गेला. तो धरायचा कुणी, हा प्रश्न आम्हाला एकाही दुकानात सुचला नव्हता.

वहिनी स्वयंपाकघरातून आली आणि पेरूवर दोन बोटे ठेवून उभी राहिली. "हं, कापा. बोटं तेवढी वगळा."

दादाने तिला हाक मारलेली नव्हती.