दोन स्क्रूंचा बूस्टर

माझ्या दीड वर्षाच्या मुलाला मी पक्कड आणि पेचकस घेऊन बूस्टर लावणार आहे, अशी बातमी एका शनिवारी अख्ख्या शिरवणे गावात पसरली होती. बातमी खोटी होती. पण पसरवली मीच!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नेरूळला आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. खालच्या मजल्यावरच्या चिमुरडीला डांग्या खोकला झाला होता. तिची उबळ जिन्यातून ऐकू आली, की माझी बायको शैला आमच्या बंटीला छातीशी घट्ट धरायची. बंटीचे या खोकल्यावरच्या ट्रिपल लशीचे तीन डोस झाले होते, बूस्टर तेवढा राहिला होता. शेजारच्या शिरवण्याच्या समाजमंदिरात महिन्यातून एका शनिवारी नर्सबाई लस टोचायला यायच्या. पाचला त्यांना न्यायला जीप आली, की मग थेट पुढचा महिना! गेल्या खेपेला मी विसरलो. या खेपेला शैलाचा पाय मुरगळला, म्हणजे बंटीला न्यायचं काम माझ्यावर आलं. सकाळी तिने ते पुन्हापुन्हा बजावलं. मी प्रत्येक वेळी 'हो' म्हणालो. (पेपर वाचताना मी कशालाही 'हो' म्हणतो.)

दुपारी शेजारच्या निमकर काकूंनी मेडिकलवाल्याकडून माझ्या पावणे इथल्या कारखान्यात फोन केला. तो घेतला टाइमकीपरने, आणि मशीनच्या खडखडाटात माझ्या कानाशी ओरडून सांगितला, "घरचा निरोप! बूस्टर आजच पाहिजे! पाचनंतर बंद!"

मी हरखलोच! आमच्या टीव्हीवर महिनाभर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. बातम्या बाई देतेय की बुवा, हे आवाजावरून ओळखायचं! अँटेनाला बूस्टर लावू, असं टुमणं मी कधीपासून लावलं होतं आणि शैला उडवून लावत होती. आज संध्याकाळी सिनेमा होता, आणि ही स्वतःहून बूस्टर मागत होती! दुकान पाचला बंद होतं, याचीसुद्धा चौकशी करून ठेवलेली! बायको असावी तर अशी! साहेबांना पोटदुखीचं कारण सांगून मी वाशी गाठली आणि बूस्टर घेतला.

बसमधून उतरून धावत सुटलो, तर समाजमंदिराच्या पायरीवर नर्सबाई उभ्या. बाई मूळच्या शिरवण्याच्याच, आवाज खणखणीत.

"ओ बंटीचे पप्पा! बूस्टरचा काय झाला? साडेचार वाजून गेलं!"

"आणलाय!" मी खोकं उंच धरलं.

"आनलाय? कुठना?"

"वाशीहून! आता घरी जाऊन लावतो!"

"तुमी लावनार? सोताच्या हातानं?"

"त्यात काय! वायर सोलायची, दोन स्क्रू पिळायचे, झालं!"

"स्क्रू?"

"आणि घट्ट नाही बसला, तर वरून एक हातोडी!"

(सरकारी नर्स आमच्या टीव्हीची इतक्या आस्थेने चौकशी का करते, हा प्रश्न मला पडला नाही. मला प्रश्न पडत नाहीत, ही शैलाची जुनी तक्रार आहे.)

शैलाला चकित करायचं म्हणून मी घरी न जाता थेट गच्चीवर गेलो. इकडे नर्सबाईंनी लशींचा बर्फाचा डबा उचलला आणि धावत आमचं घर गाठलं. मागे रांगेतल्या सहा आया, कडेवर सहा पोरं!

"पोराला कुठं नेला त्यानं?" त्यांनी दारातूनच विचारलं.

शैलाने पाहिलं, तर पाळणा रिकामा! बंटी तेव्हा निमकर काकूंकडे पोहे खात होता, आणि त्याला तिकडे शैलानेच पाठवलं होतं. पण घाबरलेल्या माणसाला पोहे आठवत नाहीत. तेवढ्यात गच्चीवरून खडखड ऐकू आली, तशी लंगडी घालत तीही सगळ्यांबरोबर जिना चढली.

मी अँटेनाचा खांब दोन गुडघ्यांत धरून, तोंडात वायर घेऊन चाकूने सोलत होतो.

"हात लावू नको!" नर्सबाई गरजल्या. "पोर कुठाय?"

"कुठलं पोर?"

"ज्याला बूस्टर लावताव, तो!"

मी अँटेनाकडे बोट दाखवलं.

आधी एक आई फिसकन हसली, मग सहाही हसत सुटल्या. त्या हसतायत म्हणून पोरं रडायला लागली! शैला मात्र हसली नाही. ती पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसली आणि तिला रडूच फुटलं. "खाली ती पोर खोकून खोकून निळी पडतेय, आणि तुम्हाला सिनेमा सुचतोय?"

मला फार लाज वाटली. तेवढ्यात लांबून जीपचा हॉर्न ऐकू आला. पाच वाजले होते!

"वाजू दे," नर्सबाई म्हणाल्या. "गाडी थांबंल आज. आना पोराला!"

आता कुठे शैलाला पोहे आठवले. मी तीन-तीन पायऱ्या उतरून काकूंकडून बंटीला घेऊन आलो. त्याच्या हनुवटीला पोहे चिकटलेले होते. गच्चीवरच, माझ्या मांडीवर, त्याला बूस्टर टोचला. त्याने जो काही टाहो फोडला, तो जुईनगरपर्यंत गेला असेल! मुलाचं रडणं ऐकून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नाही.

"सिस्टर," शैलाने डोळे पुसत विचारलं, "मोठ्या माणसाला देता येतो का हो हा?"

नर्सबाईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "नाय गो बाय. यांना पयले तीनच लागू पडले नसतील. नुसता बूस्टर काय करनार?"

मी वर केलेली शर्टाची बाही हळूच खाली घेतली.