पेटीमास्तरांची पेटी

फ्रिज कोणत्या सुरात घुमतो हे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. “काळी दोन,” मान तिरकी करून पेटीमास्तर म्हणायचे, “आणि तुझा एसी तिच्यापेक्षा जरासा उतरलेला आहे. दोघांचं जमत नाही, म्हणून तुला झोप लागत नाही.” सौदीत हुफूफच्या अलीकडे आमचा गॅस प्लांट होता आणि त्याला लागून पत्र्याच्या खोल्यांचा कॅम्प. मास्तर तिथे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते आणि मी त्याच विभागातला नवखा इंजिनिअर. त्यांच्या खोलीतली दुसरी खाट माझी होती.

मास्तर सिन्नरकडचे. त्यांच्या घराण्यात लग्न कुणाचंही असो, मंगलाष्टकांना पेटीवर तेच बसायचे. खरी पेटी त्यांनी सौदीला आणली नव्हती. विमानतळावर कुणी उघडून बघेल, भाता ओढेल, ही धास्ती. तिच्या जागी त्यांनी अल-खोबरला एका फिलिपिनोकडून जुना कॉम्प्युटर घेतला होता. सगळं यंत्र कीबोर्डच्याच डब्यात, बटणांवर अरबी अक्षरं, पडदा म्हणून टीव्ही. त्यात आवाज काढणारी एक चिप होती. प्रत्येक वाद्यासाठी तिला काही आकडे द्यायचे: सूर किती वेगाने चढावा, किती उतरावा, किती टिकावा, बोट उचलल्यावर किती वेळाने विरावा, किती थरथरावा. पियानो, बासरी, घंटा, चर्चचा ऑर्गन हे सगळं त्यात आयतं होतं. पेटी नव्हती.

मास्तरांनी ऑर्गनपासून सुरुवात केली. प्लांटमधला व्हॉल्व्ह जसा लावायचा तसंच इथेही. एक आकडा बदलायचा, ऐकायचं, चहाचा घोट घ्यायचा, मग पुढचा. “दोन स्क्रू एकदम फिरवू नये,” ते मला कामावरही सांगत. “मग बिघडलं कशाने ते कळत नाही.” शुक्रवारची सगळी दुपार अशी जायची. “आता?” असं ते विचारायचे आणि मी सांगायचो, “छान आहे.” “छान असून काय उपयोग? हिला श्वासच नाही. पेटी कशी, थोडी दमलेली असते.” मग त्यांनी दोन आवाज एकत्र वाजवून त्यातला एक केसभर बेसूर केला, आणि पहिल्यांदाच मला आमच्या शाळेतल्या प्रार्थनेची आठवण झाली. मी तसं म्हटलं तर ते खूष झाले नाहीत. म्हणाले, “शाळेची नको रे. मांडवाची पाहिजे.”

त्यांच्या मुलीचं, वैजूचं, लग्न ठरलं होतं. रजा मंजूर होती, मुहूर्त माघातला. पण त्या ऑगस्टात इराकने कुवेत गिळलं. आमच्याकडे विषारी वायूच्या भीतीने मास्क वाटले गेले, खिडक्यांना टेप लागली, भोंग्याच्या तालमी सुरू झाल्या, आणि प्लांट चालवणाऱ्या माणसांच्या रजा रद्द झाल्या. मास्तर ऑफिसातून परत आले ते बूट न काढताच खाटेवर बसले. “एक्झिट नाही, देश सोडायचा परवानाच नाही. आपला मालक, कफील, म्हणतो, खलास, विषय बंद.” बराच वेळ त्यांनी एसीकडे कान लावला. मग टीव्हीची वायर लावली. “माणूस जात नाही, तर पेटी तरी जाऊ दे. माझ्या पोरीच्या लग्नात पेटी नाही असं व्हायचं नाही.”

घाई माणसाला काय करायला लावते ते मी तेव्हा पाहिलं. एका संध्याकाळी मास्तरांनी स्वतःचा नियम मोडला. थरथर आणि चढ, दोन्ही आकडे एकदम वाढवले आणि सूर दाबून धरला. भोंगाच वाजला म्हणा ना! खाली जाऊन वर येणारा, लांबलचक. ओळीतल्या सगळ्या खोल्यांची दारं आपटली. तालमीत शिकवल्याप्रमाणे लोक मास्क घेऊन बाथरूममध्ये शिरले. थोड्या वेळाने रत्नागिरीचे खलीलभाई, आमच्या मेसचे आचारी, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन दारात उभे राहिले. “मास्तर, पेटी वाजवता का कयामत आणता? वर माझी डाळ करपली!” सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. कॅम्प बॉसने हुकूम दिला, हे संकट टळेपर्यंत त्या यंत्राचा आवाज बाहेर येता कामा नये.

मग आम्ही वॉकमनचे इअरफोन लावले. एक त्यांच्या कानात, एक माझ्या. दोघं एकाच वायरीला बांधल्यासारखे बसायचो. युद्ध सुरू झालं तेव्हा खरे भोंगे वाजायचे. आम्ही बाथरूममध्ये जायचो, परत यायचो, आणि मास्तर जिथे थांबले होते त्या आकड्यापासून पुढे सुरू करायचे. एकदा म्हणाले, “घरी पेटी वाजवताना समोर माणसं दिसतात रे. इथे नुसते आकडे.”

माझा करार संपला होता, म्हणून मला सोडलं. त्यांना नाही. यात तुमचा काय दोष, असं माझी बायको म्हणते. ते खरं आहे, आणि त्याने काही हलकं होत नाही. जवळचा विमानतळ युद्धामुळे बंद होता, म्हणून जेद्दाला निघालेल्या बसपाशी त्यांनी कॅसेट माझ्या हातात दिली. “मला गाता येत नाही, गळा म्हणजे कंप्रेसर. म्हणून नुसती पेटी भरलीये. वैजूची मावशी मंगलाष्टकं म्हणेल त्यावर. तिला सांग, घाई करू नको.” ड्रायव्हर ‘यल्ला, यल्ला’ म्हणत घाई करत होता. मी खिडकीतून हात केला, तेव्हा ते प्लांटकडे चालू लागले होते.

मास्तर युद्धातून सुखरूप निभावले. पुढे त्यांची बदली जिझानला झाली, आणि तिथेच ते झोपेत गेले. आमची पुन्हा भेट झाली नाही.

त्याच माघात, सिन्नरला मांडवात वैजूच्या मामांनी मला पुढे ओढलं. “तुम्ही त्यांच्याकडून आलात, अंतरपाटाचं एक टोक तुम्ही धरा.” बापाच्या जागी मी उभा. कॅसेट लावली, लाउडस्पीकरच्या कर्ण्यातून पेटी सुरू झाली. मावशीला निरोप सांगितला होता, तरी रडू आवरायच्या धडपडीत तिने भरभर म्हणून टाकलं. ती थांबली. पेटी मात्र चालूच राहिली.

भटजी घड्याळ बघत म्हणाले, “बंद करा ते, मुहूर्त टळतोय.”

अंतरपाटाआडून वैजू म्हणाली, “नाही. बाबांचं होऊ द्या.”

मुठीत अक्षता धरून सगळा मांडव उभा राहिला. माझे हात भरून आले होते, पण कापड खाली येऊ दिलं नाही. सूर संपला, भटजींनी घाईघाईने ‘सावधान’ म्हटलं आणि मी टोक सोडलं. अक्षता पडत होत्या. नवरा मुलगा हार घेऊन समोर उभा होता, आणि वैजू मान वर करून बांबूला बांधलेल्या कर्ण्याकडे बघत होती.